मका, पाऊस आणि लहान शेतकरी
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हवामान बदलाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर वितळणारा बर्फ आणि चढणारा समुद्र येतो. ते खरेच आहे. परंतु हा बदल सर्वांत आधी पोहोचतो तो एखाद्या सव्वा एकराच्या तुकड्यावर, जिथे घरातली बाई खुरपे घेऊन आभाळाकडे पाहत उभी असते. आज मला त्या तुकड्याविषयी बोलायचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे एक-दोन पिढ्यांमागे गावात आहेत. कुणाची दोन एकर कोरडवाहू जमीन अजून आहे, कुणाच्या घराण्याला जमीन कधी मिळालीच नाही आणि दुसऱ्याच्या बांधावर राबण्यातच आयुष्य गेले. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

बोलण्यासाठी मी पीक निवडले आहे मक्याचे आणि देश निवडला आहे मलावी. काहींना वाटेल, आपला जालना, जळगाव, नाशिक सोडून इतक्या लांब कशाला? त्याला कारण आहे. आपल्याकडे मका हे पैशाचे पीक आहे. तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो, स्टार्चच्या कारखान्याला जातो, अलीकडे इथेनॉललाही जातो. मका बुडाला तर आपल्या शेतकऱ्याचे कर्ज वाढते. मलावीत मका बुडाला तर चूल विझते. तेथे मका हेच अन्न आहे. एकाच पिकावर, एकाच पावसावर आणि अगदी लहान जमिनीवर सगळा देश उभा असला म्हणजे काय होते, हे तेथे स्वच्छ दिसते. आणि जे तेथे स्वच्छ दिसते, ते आपल्याकडेही थोड्या झाकलेल्या रूपात आहेच.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, एका मोठ्या सरोवराच्या काठाने पसरलेला चिंचोळा देश. त्याला समुद्रकिनारा नाही. १९६४ साली तो ब्रिटिशांच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. मका मूळचा मेक्सिकोचा, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथे माणसाच्या हाती आलेला. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या काळात तो आफ्रिकेत पोहोचला आणि विसाव्या शतकात त्याने ज्वारी-नाचणीला मागे सारून दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यातले ताट काबीज केले. मलावीत पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा खातात, त्याला न्सिमा म्हणतात. झिम्बाब्वेत त्यालाच साड्झा म्हणतात, केनियात उगाली. न्सिमा खाल्ली नाही तर जेवलो असे तेथील माणसाला वाटत नाही. त्यांच्या चिचेवा भाषेत म्हणच आहे, ‘चिमांगा न्दी मोयो’, म्हणजे मका हेच जीवन.

आता या जीवनाचा हिशेब पाहू. तेथे पावसाळा एकच. नोव्हेंबरात सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात, काढणी एप्रिल-मेमध्ये. बहुसंख्य कुटुंबांकडे एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. ओलिताची सोय फार थोड्यांना. बैल फार थोड्यांकडे, सारी मशागत कुदळीने.

समजा, एका घरात पाच माणसे आहेत आणि जमीन अर्धा हेक्टर, म्हणजे आपला सव्वा एकर आहे. बऱ्या वर्षी हेक्टरी दोन टन धरले तर एक टन मका येतो. पन्नास किलोची वीस पोती. माणशी वर्षाला साधारण १३० किलो मका लागतो, म्हणजे घरच्या तोंडाला तेरा पोती. उरली सात. या सात पोत्यांत मीठ, साबण, औषध, मुलांच्या वह्या, कपडा, पुढच्या वर्षीचे बियाणे आणि खत. हे चांगल्या वर्षाचे चित्र आहे. पाऊस बिघडला आणि पीक निम्म्यावर आले तर घरात दहा पोती येतात. सात गेली ती गेलीच, शिवाय खाण्याला तीन पोती कमी. हा खड्डा बरोबर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पडतो. कणगी रिकामी, बाजारात मका महाग, आणि नेमके तेव्हाच शेतात सर्वांत जास्त राबायचे असते. ज्या घराने एप्रिलमध्ये उधारी फेडण्यासाठी स्वस्तात मका विकला, तेच घर जानेवारीत तोच मका महाग दराने विकत घेते.

अशा घरावर हवामानाचे काय काय कोसळले ते पाहा. २०१५ च्या जानेवारीत देशात मोठे पूर आले. लगेच पुढच्या हंगामात, २०१५-१६ मध्ये, एल निनोचा दुष्काळ पडला आणि सुमारे ६५ लाख लोकांना अन्नाची मदत लागली. २०१९ च्या मार्चमध्ये इडाई चक्रीवादळ आले. २०२२ मध्ये आना आणि गोम्बे ही दोन वादळे आली. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी आले. हे वादळ फेब्रुवारीच्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या बाजूला तयार झाले, सारा हिंदी महासागर ओलांडून आले, मोझांबिकवर दोनदा आदळले आणि मलावीच्या दक्षिण भागात दिवसच्या दिवस कोसळले. मृत आणि बेपत्ता मिळून तेथे हजारावर माणसे गेली. कणसात दाणे भरलेले होते, काढणी महिन्यावर आली होती. डोंगराच्या मातीसकट शेते वाहून गेली. त्यानंतरच्याच हंगामात पुन्हा एल निनो. २०२४ च्या फेब्रुवारीत पावसाने मोठी ओढ दिली. फेब्रुवारी ते एप्रिल या अवधीत झांबिया, मलावी आणि झिम्बाब्वे या तिन्ही देशांनी एकापाठोपाठ राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. झांबियात पेरलेल्या सुमारे २२ लाख हेक्टर मक्यापैकी १० लाख हेक्टर नष्ट झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक दुष्काळ हवामान बदलानेच पडतो असे नाही. २०२४ च्या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याचे मुख्य कारण एल निनो हेच सांगितले. प्रशांत महासागराचे पाणी तापले की आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा पाऊस बिघडतो आणि अनेकदा आपला मान्सूनही अडखळतो. २०२३ चा ऑगस्ट भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो याच एल निनोच्या वर्षी. एल निनो पूर्वीही होता. मग बदलले काय? बदलले ते तापमान. तापलेल्या हवेत जमिनीची ओल लवकर उडते. म्हणजे पूर्वी पावसाचा जेवढा खंड पीक सोसत होते, त्याहून कमी दिवसांत ते आता माना टाकते. आणि तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस झोडपून पडतो. एकूण पावसाचा आकडा वर्षाअखेर तोच दिसेल, पण शेतकऱ्याला आकडा पेरायचा नसतो. त्याला वेळेवर पाऊस हवा असतो.

मक्याच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे. मक्याच्या झाडाला शेंड्यावर तुरा येतो, त्यात परागकण असतात. कणीस खाली, झाडाच्या मध्यावर येते आणि त्यातून रेशमासारखे केस बाहेर पडतात. प्रत्येक केस एका दाण्याशी जोडलेला असतो. परागकण केसावर पडला तर तो दाणा भरतो, नाहीतर ती जागा रिकामी राहते. नेमक्या या दिवसांत ओल कमी पडली तर तुरा वेळेवर येतो, पण केस उशिरा बाहेर पडतात. दोघांची गाठ चुकते. फार उष्णता असली तर परागकणच मरतात. झाड हिरवेगार उभे असते आणि कणीस सोलले तर दाणे विरळ. आफ्रिकेत घेतलेल्या मक्याच्या वीस हजारांहून अधिक चाचण्यांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०११ साली निष्कर्ष मांडला. ३० अंशांच्या वर एक-एक अंशाने तापलेला प्रत्येक दिवस पाणी पुरेसे असतानाही उत्पादन सुमारे एक टक्क्याने घटवतो, आणि दुष्काळी स्थितीत ती घट १.७ टक्के होते. असे दिवस हंगामात किती येतात, त्यांची बेरीज करून पाहा.

त्यात भर पडली लष्करी अळीची. ही अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ च्या आरंभी ती पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि वर्ष-दीड वर्षात खाली मलावीपर्यंत पोहोचली. २०१८ च्या मे महिन्यात ती कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. २०१९ च्या खरिपात आपल्या मका पट्ट्यातील शेतकऱ्यांनी तिचा चांगलाच अनुभव घेतला. ती पोंग्यात शिरून बसते, त्यामुळे वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. उष्ण हवेत तिच्या पिढ्या लवकर लवकर होतात. मलावीतल्या बायका पोंग्यात चिमूटभर राख किंवा माती टाकतात, अंडीपुंज हाताने चुरडतात. उपाय साधा आहे, पण त्याला माणसाचे हात आणि वेळ लागतो.

मित्रहो, आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. पाऊस सर्वांच्या शेतावर सारखाच पडतो किंवा सारखाच दगा देतो. पण नुकसान सारखे होत नाही. नुकसान किती होणार हे पावसाइतकेच शेतकऱ्याच्या हाताशी काय आहे यावर ठरते. त्याच्याकडे साठवलेले धान्य आहे का, दोन शेळ्या आहेत का, विहीर आहे का, बँक ओळखते का, हवामानाचा अंदाज त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत येतो का, यावर ठरते.

मलावीत ‘गान्यू’ नावाची पद्धत आहे. गान्यू म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर रोजाने किंवा धान्यावर काम करणे. कणगी रिकामी झाली की गरीब घरातली माणसे गान्यूला जातात. ते दिवस असतात डिसेंबर-जानेवारीचे, म्हणजे ऐन खुरपणीचे. दुसऱ्याचे शेत वेळेवर खुरपले जाते, स्वतःचे तणात बुडते. तणाने खत खाल्ले, ओल प्यायली, पीक घटले. पीक घटले म्हणून पुढच्या वर्षी कणगी अजून लवकर रिकामी झाली आणि गान्यूला अजून लवकर जावे लागले. हे चक्र आहे. बाहेरून पाहणारा म्हणेल की हा शेतकरी आळशी आहे, याच्या शेतात तण माजले आहे. परंतु त्याच्या तणाचे कारण त्याची भूक आहे. आपल्याकडे उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या कोरडवाहू तुकड्याची स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून एक भेद मनाशी पक्का करावा, असे मी सुचवतो. तग धरणे वेगळे आणि जुळवून घेणे वेगळे. भुकेने कणीस कोवळेच काढून खाणे, दोन वेळांचे जेवण एकावर आणणे, मक्याचा कोंडा शिजवून खाणे, शेळी विकणे, मुलीची शाळा थांबवणे, शहरात जाऊन पडेल ते काम करणे, यांना तग धरणे म्हणतात. याने यंदाचे वर्ष निभावते, पण पुढचे वर्ष दुबळे होते. मोठमोठ्या अहवालांत कधीकधी या गोष्टी ‘अनुकूलन’ या गोंडस शब्दाखाली जातात. ते बरोबर नाही. ज्याने पुढच्या वर्षी तो शेतकरी आजच्यापेक्षा बळकट होईल, त्यालाच जुळवून घेणे म्हणावे.

असे खरे जुळवून घेणेही मलावीतल्या शेतकऱ्यांनी केले आहे, आणि त्याबद्दल आदराने बोलले पाहिजे.

पहिली गोष्ट बियाण्याची. जुन्या मक्याला ते ‘चिमांगा चा माकोलो’ म्हणतात, म्हणजे पूर्वजांचा मका. त्याचे दाणे कठीण, त्याला सोंडे लवकर लागत नाहीत, कुटल्यावर पीठ चांगले पडते. पण त्याला दिवस जास्त लागतात. पाऊस आखडू लागला तसे अनेकांनी तीन-साडेतीन महिन्यांत येणारे वाण घेतले. मेक्सिकोत मुख्यालय असलेली मका व गहू संशोधन संस्था आणि आफ्रिकेतील संशोधन केंद्रे यांनी मिळून २००७ पासूनच्या काळात अवर्षणाला टिकणारे शंभराहून अधिक वाण तेरा देशांत आणले. हे वाण उपयोगी आहेत. पण त्यांची किंमतही समजून घ्या. पाऊस भरपूर झाला तर कमी दिवसांचा वाण जास्त दिवसांच्या वाणाइतका पिकत नाही. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. ज्याच्या सात पोत्यांत सगळा संसार बसवायचा आहे, त्याला हा मोठा विचार असतो. म्हणून शहाणा शेतकरी एका तुकड्यात नवा वाण आणि दुसऱ्यात माकोलो लावतो, आणि सगळे बी एकाच दिवशी टोकत नाही. सगळे पणाला लावायचे नाही, ही त्याची रीत आहे.

दुसरी गोष्ट पाणी अडवण्याची. सऱ्यांना मध्ये मध्ये मातीचे आडवे बांध घालून त्यांचे छोटे छोटे चौकोन करायचे, म्हणजे पाणी वाहून न जाता जागच्या जागी मुरते. उतारावर समतल रेषेत वाळ्याचे गवत लावायचे. काही ठिकाणी खड्डे खणून त्यांत शेणखत घालून मका टोकतात. तेथे पावसाचा खंड पडला तरी झाड काही दिवस जास्त तग धरते. पण कुदळीने हजारो खड्डे खणणे म्हणजे काय, याचा विचार करा. घरात धडधाकट माणूस असेल तरच ते शक्य आहे. एकटी विधवा बाई ते कसे करणार?

तिसरी गोष्ट खताची. रासायनिक खत आयात होते, देशाला बंदर नाही, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तेथील चलनाचे ४४ टक्के अवमूल्यन झाले. खत हाताबाहेर गेले. लोकांनी थोडे खत, राख, मक्याचा कोंडा आणि शेळ्या-कोंबड्यांची विष्ठा एकत्र मुरवून एका पोत्याची अनेक पोती करण्याची रीत धरली. शिवाय तेथे ‘म्सांगू’ नावाचे बाभळीच्या कुळातले झाड आहे. त्याचा नेम उलटा. ते पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत हिरवे होते. म्हणून पिकावर सावली पडत नाही आणि पाने कुजून जमिनीला नत्र मिळते. ज्यांनी ही झाडे शेतात राखली, त्यांना थोडे खत फुकट मिळाले.

चौथी गोष्ट आपल्या ताटाशी जोडलेली आहे. दक्षिण मलावीत मक्यात तुरीचे आंतरपीक घेतात. मका वाढत असताना तूर सावकाश वाढते. मका काढला की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर ती फुलते आणि दोन-तीन महिन्यांनी हाती येते. मका बुडाला तरी तूर काही देऊन जाते. तिचा पाला जमिनीला नत्र देतो, काटक्या चुलीला होतात. ही तूर मोठ्या प्रमाणात भारतात येते. आपल्या आमटीत मलावीच्या बाईची मेहनत असू शकते. परंतु २०१७ साली भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि तेथील भाव कोसळले. आपल्याकडेही त्या हंगामात तुरीचे पीक उदंड झाले होते आणि आपला शेतकरी खरेदी केंद्रावर रांगेत उभा होता, हे विसरता येत नाही. पुढे २०२१ मध्ये भारताने मलावीकडून वर्षाला ५० हजार टन तूर पाच वर्षे घेण्याचा करार केला. यातून धडा असा की शेतकऱ्याने हवामानाशी जुळवून घेतले तरी बाजाराने साथ दिली नाही तर त्याचा उपाय वाया जातो. आणि दोन देशांतले लहान शेतकरी एकमेकांचे शत्रू नसतात. त्यांना एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था वेगळीच असते.

आता विम्याची एक हकिकत सांगतो. २०१५-१६ च्या हंगामासाठी मलावी सरकारने आफ्रिकी देशांच्या एका दुष्काळ विमा योजनेत सुमारे ४७ लाख डॉलरचा हप्ता भरला. दुष्काळ पडला, लाखो लोक उपाशी राहिले, पण विम्याच्या संगणकाने सांगितले की भरपाई देण्याइतके नुकसान झालेले नाही. असे का झाले? शेतकरी १२० ते १४० दिवसांचा मका लावतात, असे त्या गणितात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी केव्हाच ९० दिवसांच्या आसपासचा वाण धरला होता. पाऊस नेमका त्या वाणाला नको त्या दिवसांत गेला. गावात जाऊन चौकशी केल्यावर ही चूक ध्यानात आली आणि सुमारे ८१ लाख डॉलर मंजूर झाले. पैसे हाती आले ते २०१७ च्या जानेवारीत, म्हणजे काढणी बुडाल्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी. शेतकरी शहाणपणाने बदलला होता, पण त्याचा बदल कागदावर नोंदलाच गेला नव्हता. लहान माणसाला कुणी विचारत नाही, याची ही किंमत.

सरकारने काय केले, हेही पाहिले पाहिजे. २००१-०२ मध्ये पीक घटले तेव्हा देशाच्या राखीव साठ्यातला मका आधीच विकून टाकलेला होता. लोक उपासमारीने मेले. पुढे २००५-०६ पासून सरकारने लहान शेतकऱ्यांना खत आणि बियाणे सवलतीत देण्यासाठी कुपने वाटली. मका वाढला, हे मान्य केले पाहिजे. पण सारा भर मक्यावरच राहिला. ज्वारी, कसावा, रताळे, भुईमूग, पाणलोट, शेतकऱ्याला सल्ला या गोष्टी मागे पडल्या. २०२५ साली पाऊस चांगला झाला आणि शेजारच्या झांबियात मक्याचे विक्रमी पीक आले. आनंदाची गोष्ट आहे. पण एका वर्षी निम्मे शेत जळते आणि दुसऱ्या वर्षी कोठारे भरतात, असे हेलकावे मोठा शेतकरी सोसतो. लहान शेतकरी पहिल्याच हेलकाव्यात जमीन किंवा जनावर गमावून बसतो आणि चांगले वर्ष येते तेव्हा त्याच्याकडे पेरायला काही नसते.

येथे आपणांस बाबासाहेबांच्या एका निबंधाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. १९१८ साली त्यांनी ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे लहान आहेत हाच रोग, ते एकत्र केले की शेती सुधारेल, असे त्या काळात अनेक जाणकार म्हणत होते. बाबासाहेबांनी सांगितले की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या आकाराने ठरत नाही. त्या जमिनीवर लावायला भांडवल आणि अवजारे किती आहेत, आणि तिच्यावर किती माणसांचा भार आहे, यावर ते ठरते. म्हणून त्यांनी शेतीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी उद्योगधंदे वाढवण्याचा मार्ग दाखवला. आज हवामानाच्या संदर्भात हा विचार नव्याने वाचावा असा आहे. सव्वा एकराला पाणी, बी, सल्ला आणि वेळेवर पत मिळाली तर तो तुकडा टिकतो. काहीच नसेल तर पाच एकरही पुरत नाहीत. आणि घरातल्या एकाला शेतीबाहेर मानाचे काम असेल, तर पाऊस गेला म्हणून त्या घराला बी विकून खावे लागत नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही अनुभव आहे. १९७२ चा दुष्काळ येथील ज्येष्ठांनी भोगला आहे. मिलो खाल्लेली माणसे या सभागृहात असतील. खडी फोडणारे, पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहणारे हातही असतील. त्या दुष्काळात पिके गेली, जनावरे गेली. पण गावाजवळ काम आणि हाती मजुरी देण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिने पुष्कळ जीव वाचवले. त्यातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशव्यापी कायदा झाला. पाऊस आणणे सरकारच्या हाती नाही. पण पाऊस गेला तरी माणूस उपाशी राहू नये, हे निश्चित सरकारच्या हाती आहे. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

न्यायाचा मुद्दा आणखी एक. मलावीचा माणूस वर्षाला सरासरी ०.१ टनाच्या आसपास कार्बन हवेत सोडतो. जगाची सरासरी चार टनांहून जास्त आहे. ज्याने आग लावली नाही, त्याचे घर आधी जळते आहे. २०२२ साली इजिप्तमधील हवामान परिषदेत अशा देशांच्या हानीसाठी वेगळा निधी उभारण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत त्याला रूप आले. त्या निधीतला पैसा राजधानीच्या कचेरीत न थांबता सव्वा एकरापर्यंत पोहोचतो का, हीच त्याची कसोटी राहील.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्यासाठी दोन शब्द. तुमच्यातले काही शेतकी महाविद्यालयात जातील, काही बँकेत, काही विमा कंपनीत, काही तहसील कचेरीत बसतील. ज्या टेबलावर तुम्ही बसाल त्या टेबलावरून एखादा अर्ज, एखादा पंचनामा, एखादी सर्वेक्षणाची प्रश्नावली जाईल. तेव्हा या नव्वद दिवसांच्या मक्याची आठवण ठेवा. शेतकऱ्याला विचारा की बाबा, तू काय पेरलेस, कोणत्या दिवशी पेरलेस, पाऊस केव्हा गेला? बाईला वेगळे विचारा, कारण खुरपणी तिनेच केलेली असते आणि सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव बहुधा नसते. आणि सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गावच्या पावसाची, पिकांची आणि बियाण्यांची माहिती वहीत उतरवून घ्या. पूर्वी मृग केव्हा लागायचा, पेरणी केव्हा व्हायची, कोणते वाण नाहीसे झाले, कोणत्या वर्षी दुबार पेरणी झाली. ही वही उद्या कुणाच्या तरी गणितातली चूक दुरुस्त करील.

लहान शेतकरी अडाणी आहे म्हणून तो बुडत नाही. त्याच्यापाशी शहाणपण आहे, चिकाटी आहे. कमी आहे ती त्या शहाणपणाला लागणाऱ्या आधाराची. तो आधार उभा करणे हे शिकलेल्या माणसांचे काम आहे, आणि या सभागृहात शिकलेली माणसे पुष्कळ आहेत.